मांसाची ॲलर्जी : नेमकी कशाची?

कवडसा

गेली अठरा वर्षं मी रोगप्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते आहे. रुग्ण माझ्यापर्यंत येत नाहीत, त्यांच्या रक्ताच्या नळ्या येतात. नळीसोबत एक कागद असतो आणि त्यावर बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं : "मांसाची ॲलर्जी? कृपया तपासणी." या एका ओळीनं मी इतक्या वेळा अडले आहे की आज बसून सगळं लिहायचं ठरवलं.

जेवताना 'मांस' म्हटलं की भागतं. निदान करताना त्यानं काहीच कळत नाही. मांसाच्या तुकड्यात स्नायूंची प्रथिनं असतात : मायोसिन, ॲक्टिन, मायोग्लोबिन. स्नायूत उरलेल्या रक्तातलं अल्ब्युमिन असतं, त्या प्राण्याची स्वतःची प्रतिपिंडं असतात. सस्तन प्राणी असेल तर पेशींवर एक खास साखरेची साखळीही असते. यातल्या कुठल्या रेणूवर आपलं आयजीई (ॲलर्जी घडवून आणणारं प्रतिपिंड) जाऊन चिकटतंय, त्यावर पुढचं सगळं ठरतं. त्रास दहा मिनिटांत होणार की मध्यरात्री, नीट शिजवलेलं चालणार की नाही, एकच प्राणी टाळायचा की सगळे, दूध, जिलेटिन आणि काही औषधं यांचीही काळजी घ्यायची का. "मांस बंद करा" एवढंच सांगितलं तर कुणाच्या ताटातून नको इतकं काढून घेतलं जातं, आणि कुणाचा खरा धोका तसाच राहतो.

एक उदाहरण सांगते. वीस-बावीस वर्षांच्या एका मुलीचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ भाग, आलं होतं. डुकराचं मांस खाल्लं की अर्ध्या तासात ओठ सुजायचे, अंगावर गांधी उठायच्या, एकदा धापही लागली होती. पण दरवेळी नाही! कधी खाऊन काहीच व्हायचं नाही, त्यामुळे घरचे म्हणत होते की मनाचे खेळ आहेत. आम्ही डुकराच्या मांसाचा अर्क केला आणि जेलमध्ये विजेच्या दाबाखाली सोडला. असं केलं की प्रथिनं वजनानुसार वेगळी होतात, जड वरच अडकतात, हलकी खाली पळतात. मग ती एका पातळ पांढऱ्या पटलावर उतरवून घ्यायची, पटलाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या आणि एकेक पट्टी एकेका रुग्णाच्या सीरममध्ये रात्रभर भिजत ठेवायची. सकाळी रंग चढवला की आयजीई जिथं चिकटलं असेल तिथं आडवी रेघ दिसते. बाकीच्या पट्ट्या कोऱ्या होत्या. तिच्या पट्टीवर एकच रेघ होती, गडद, ६७ किलोडाल्टनच्या (हे प्रथिनांचं वजन मोजायचं एकक) आसपास.

तिथं अल्ब्युमिन असतं. मी तिच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं, घरात मांजर आहे का? होतं. लहानपणापासून होतं, आणि ते तिच्या उशाशी झोपायचं.

याला पोर्क-कॅट सिंड्रोम म्हणतात. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी १९९४ साली पहिल्यांदा त्याचं वर्णन केलं. शरीर आधी मांजराच्या अल्ब्युमिनवर बिघडतं, ते श्वासातून आणि त्वचेतून आत जातं. डुकराचं अल्ब्युमिन त्याच्याशी इतकं मिळतंजुळतं असतं की प्रतिपिंडं फसतात. अल्ब्युमिन उष्णतेनं बऱ्यापैकी मोडतं, म्हणून पूर्ण शिजलेलं तिला चालायचं, अर्धवट शिजलेलं किंवा नुसतं धुरावलेलं बाधायचं. 'कधी होतं कधी नाही' याचं उत्तर त्या रेघेत होतं. मनाचा काहीही संबंध नव्हता.

ज्यांना स्वतःला किंवा घरात कुणाला असा अनुभव आहे त्यांनी जरूर लिहा. मी डॉक्टर नाही, उपचार सांगणार नाही. चाचण्यांबद्दल मात्र जे माहीत आहे ते सगळं सांगेन.

रानवाट

कवडसाताई, तुमचा धागा वाचून हात थरथरले. माझंच लिहिलंय असं वाटलं, फक्त वेळ वेगळी.

मी पक्षी पाहायला रानात भटकतो. उंच गवतातून चालून आलो की घोट्यांवर, गुडघ्यामागे गोचिडी चिकटलेल्या असतात, त्या काढायच्या आणि विसरून जायचं, हे वर्षानुवर्षं चालू होतं. तीन वर्षांपूर्वी रात्री साधारण दोन वाजता तळहात खाजायला लागले म्हणून जाग आली. मग तळपाय. दिवा लावून बघतो तर पोटावर, मांड्यांवर बशीएवढ्या लाल गांधी. पोटात मुरडा आला म्हणून न्हाणीघरात गेलो आणि तिथंच डोळ्यांपुढे अंधारी आली. बायकोनं फरशीवरून उचललं. रात्री आठला मटण खाल्लं होतं, सहा तास उलटून गेले होते, त्यामुळे जेवणाचा संशय कुणालाच आला नाही.

असं पाच वेळा झालं. एका दवाखान्यात पित्त म्हणाले, दुसरीकडे ताण. तिसऱ्या ठिकाणी हातावर टोचून चाचणी केली, मटण आणि बीफचा अर्क लावला, दोन मिलिमीटरचा फोड आला. "निगेटिव्ह आहे, मांस खायला हरकत नाही," असं सांगितलं. मी खात राहिलो. चिकननं कधीच काही झालं नाही, माशांनी नाही. मटणानंही दरवेळी होत नाही, पण चरबीचं असलं आणि वर दोन पेग झाले असले की हमखास होतं.

ही ॲलर्जी असू शकते का? सहा तासांनी?

कवडसा

रानवाट दादा, आधी एक विनंती. तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवेपर्यंत सस्तन प्राण्यांचं मांस पूर्ण बंद ठेवा. तुम्हाला चक्कर येऊन पडायला झालं होतं, म्हणजे रक्तदाब उतरला होता. हे साधं पित्त उठणं नव्हे. ॲड्रेनलिनचं पेन जवळ ठेवायचं का, हे त्यांना पहिल्याच भेटीत विचारा.

आता तुमचा प्रश्न. हो, असू शकते. तुम्ही सांगितलेली एकेक गोष्ट अल्फा-गॅल नावाच्या रेणूकडे बोट दाखवते. पूर्ण नाव गॅलॅक्टोज-अल्फा-१,३-गॅलॅक्टोज. ही ती साखरेची साखळी जिचा उल्लेख मी वर केला. ती बहुतेक सगळ्या सस्तन प्राण्यांत असते. माणूस, वानर आणि आफ्रिका-आशियातली माकडं यांच्यात नसते. पक्ष्यांत आणि माशांत नसते, म्हणून चिकन आणि मासे तुम्हाला चालतात.

ही ॲलर्जी सापडली ती कॅन्सरच्या औषधामुळे, आणि ती गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सेटुक्सिमॅब नावाचं औषध आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागात ते दिल्यावर पहिल्याच डोसला रुग्णांना भयंकर रिॲक्शन यायला लागल्या. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना इथल्या एका गटात हे प्रमाण २२ टक्के निघालं, बाकी ठिकाणी फारच कमी होतं. पहिल्याच डोसला ॲलर्जी येते म्हणजे प्रतिपिंडं आधीपासून हजर हवीत. कशाविरुद्ध? व्हर्जिनिया विद्यापीठातल्या थॉमस प्लॅट्स-मिल्स यांच्या गटानं शोध घेतला आणि २००८ साली उत्तर छापून आलं. औषध उंदराच्या पेशींत तयार होतं, त्यामुळे त्याच्यावर अल्फा-गॅल असतं, आणि रुग्णांच्या रक्तात औषध घेण्याआधीच अल्फा-गॅलविरुद्ध आयजीई होतं.

मग २००९ मध्ये त्याच गटानं मांस खाल्ल्यावर तीन ते सहा तासांनी गांधी उठणाऱ्या २४ जणांची माहिती दिली. त्यांच्या रक्तातही तेच आयजीई. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या शेरिल व्हॅन नुनेन यांनी मांसाची ॲलर्जी असलेले २५ रुग्ण नोंदवले, त्यातल्या २४ जणांना आधी गोचीड चावलेली होती. हा धागा जुळला आणि चित्र पूर्ण झालं. अमेरिकेत 'लोन स्टार' जातीची गोचीड, ऑस्ट्रेलिया आणि युरोपात इक्सोडिस कुळातल्या. खुद्द प्लॅट्स-मिल्स यांना २००७ मध्ये डोंगर चढताना गोचिडी चावल्या. त्यांनी स्वतःच्या रक्तातलं आयजीई चढताना मोजून पाहिलं, आणि काही महिन्यांनी मटण खाल्ल्यावर सहा तासांनी त्यांच्याही अंगभर गांधी उठल्या.

उशीर का लागतो, याचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण चरबीतून जातं. अल्फा-गॅल प्रथिनांवर असतं तसंच चरबीच्या रेणूंवरही असतं. चरबी पचून, तिचे थेंब बांधून रक्तात पोचायला तास लागतात. म्हणून चरबीचा तुकडा जास्त बाधतो. दारूनं आणि व्यायामानं आतड्यातून शोषण वाढतं, रिॲक्शनचा उंबरठा खाली येतो. डुकराच्या मूत्रपिंडात अल्फा-गॅल खच्चून भरलेलं असतं, ते खाल्ल्यावर त्रास तुलनेनं लवकर सुरू होतो.

तुमच्या दोन मिलिमीटरच्या फोडाबद्दल मला सर्वांत वाईट वाटलं. चाचणीत अर्क नसलेल्या नुसत्या द्रावणाच्या फोडापेक्षा तीन मिलिमीटर मोठा फोड आला तर पॉझिटिव्ह धरतात. अल्फा-गॅलच्या रुग्णांत मांसाचे तयार अर्क बहुतेकदा दोन-चार मिलिमीटरचेच फोड देतात, हे या आजाराच्या अगदी पहिल्या वर्णनांत लिहिलेलं आहे. तयार अर्कात साखरेचा हा भाग पुरेसा नसतो. तुमच्या हातावर चुकीचा पदार्थ टोचला गेला असं नाही म्हणणार मी, पण तो पदार्थ तुमच्या आजाराचं उत्तर देण्याजोगा नव्हता. अल्फा-गॅलविरुद्धच्या आयजीईची रक्तचाचणी वेगळी असते, आणि तिचं नाव घेऊन मागावी लागते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४२ टक्के आरोग्यसेवकांनी या आजाराचं नावही ऐकलं नव्हतं. त्याच वेळी २०१० ते २०२२ या काळातल्या १,१०,००० हून अधिक संशयित रुग्णांची नोंद सीडीसीपुढे होती.

डॉक्टरांकडे जाताना आत्ता इथं लिहिलंत तेच कागदावर घेऊन जा : गोचिडी, किती वाजता खाल्लं, किती वाजता जाग आली, चरबी, दारू, चिकन चालतं.

दवबिंदू

खूप माहितीपूर्ण धागा. वाचनखूण साठवली आहे.

माझा मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे. त्याला गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे, चाचणीनं सिद्ध झालेली. आता रक्ताच्या तपासणीत बीफही पॉझिटिव्ह आलंय. एका डॉक्टरांनी सांगितलं की सगळंच मांस बंद करा, कोंबडीसुद्धा. दूध आधीच बंद आहे, वजन वाढत नाहीये, आणि आता हे. रोज ताट वाढताना मला रडू येतं. सगळं बंद करणं खरंच गरजेचं आहे का?

पिंपळपान

दवबिंदूताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे, लहान मुलांच्या ॲलर्जीचंच काम करतो. तुमच्या मुलाला तपासल्याशिवाय त्याच्याबद्दल निर्णय देणार नाही. पण असं मूल समोर आलं तर मी कसा विचार करतो, ते सांगतो.

दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलांपैकी काहींना बीफ बाधतं. अभ्यासांत हा आकडा १३ ते २० टक्क्यांच्या घरात आला आहे. म्हणजे बहुतेकांना बाधत नाही. ज्यांना बाधतं त्यांच्यात बहुधा गाईचं रक्तातलं अल्ब्युमिन कारण असतं. ते दुधातही थोडं असतं आणि मांसातही. ॲलर्जी करणाऱ्या रेणूंच्या अधिकृत यादीतलं त्याचं नाव 'बॉस डी ६'. दुधातलं केसीन वेगळं, 'बॉस डी ८', ते मांसात नसतं. म्हणून मी पहिला प्रश्न विचारतो तो हा : आयजीई सहाविरुद्ध आहे की आठविरुद्ध? नुसतं केसीन निघालं तर बीफ थांबवायला मला आधार सापडत नाही.

सहाविरुद्ध निघालं तरी दार बंद होत नाही. कवडसाताईंनी सांगितलं तसं अल्ब्युमिन उष्णतेनं मोडतं. नीट शिजवलेलं, बारीक वाटून परत उकळलेलं मांस यातली बरीच मुलं पचवतात. कुठल्या मुलाला चालेल हे रक्तावरून ठरत नाही, ते खाऊनच ठरतं. आमच्या देखरेखीखाली, आणीबाणीची औषधं हाताशी ठेवून, अगदी कणाएवढ्या घासापासून सुरुवात करायची, ठरावीक वेळानं वाढवत न्यायचं. घरी कृपया हे करू नका.

कोंबडीबद्दल : बीफ पॉझिटिव्ह आलं म्हणून कोंबडी बंद करायला काही कारण नाही. त्यांची अल्ब्युमिनं एकमेकांपासून बरीच लांबची आहेत. मुलानं आधी कोंबडी खाऊन पचवली असेल तर डॉक्टरांशी बोलून ती परत सुरू करण्याचा आग्रह धरा. वाढत्या वयात ताटातली प्रत्येक गोष्ट मोलाची असते, आणि वजनाचा तक्ता मला ॲलर्जीच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

काजवा

चर्चा चांगली आहे, पण एक वेगळा मुद्दा मांडतो. एकेका रेणूच्या चाचण्या आल्यापासून लोक शंभर-दोनशे घटकांचं पॅनल काढून घेतात. रिपोर्टवर पंधरा ठिकाणी लाल खूण येते आणि माणूस पंधरा पदार्थ सोडतो. माझ्या बहिणीचं हेच झालं. तिला फक्त शिंका येत होत्या. पॅनलमध्ये मांसाचं अल्ब्युमिन पॉझिटिव्ह आलं, आणि आयुष्यभर बिनदिक्कत खाल्लेलं मांस तिनं एका दिवसात सोडलं. वर कुणीतरी तिला 'आयजीजी' चाचणीही करायला लावली, त्यात आणखी वीस पदार्थ निघाले. जितक्या जास्त चाचण्या तितका जास्त घोळ, असं माझं स्वच्छ मत झालं आहे.

कवडसा

काजवा, तुमच्या बहिणीच्या बाबतीत तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात, आणि हे मी मूळ लेखातच लिहायला हवं होतं.

रक्तात आयजीई सापडणं याला संवेदीकरण म्हणतात. ॲलर्जी म्हणजे ते खाल्ल्यावर त्रास होणं. मांजर पाळणाऱ्या कितीतरी लोकांच्या रक्तात अल्ब्युमिनविरुद्ध आयजीई मिळतं आणि ते सुखानं सगळं खातात. गोचिडी जास्त असलेल्या भागांत अल्फा-गॅलविरुद्ध आयजीई असलेले पुष्कळ लोक असतात, त्रास होणारे त्यातले थोडेच. त्यामुळे चाचणी कुठली करायची हे रुग्णाच्या कहाणीवरून ठरलं पाहिजे. कहाणी नसताना पॅनल काढणं म्हणजे प्रश्न न विचारताच उत्तर छापून घेणं. आयजीजी चाचणीबद्दल तर युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ सालीच लिहून ठेवलंय की ती अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानासाठी वापरू नये. आयजीजी हे वेगळ्या प्रकारचं प्रतिपिंड, त्याचा आयजीजी४ हा उपप्रकार दिसतो तो तुम्ही तो पदार्थ खाता म्हणून.

पण चाचण्यांवरच सगळा दोष टाकणं मला पटत नाही. रानवाट दादांकडे बघा. त्यांची कहाणी स्पष्ट होती, आणि ज्या एका चाचणीवर विसंबलं गेलं तिच्यात योग्य रेणूच नव्हता. बहिणीला नको ती चाचणी मिळाली, त्यांना हवी ती मिळाली नाही. दोघांचंही नुकसान झालं, आणि दोन्हीकडे पहिल्या भेटीत निवांत विचारपूस झाली नव्हती.

ही काही नवी गोष्टही नाही. १९२१ मध्ये प्राऊस्नित्झ आणि क्युस्टनर या दोघा संशोधकांनी केलेला प्रयोग बघा. क्युस्टनरला मासा बाधायचा, पण शिजवलेलाच. कच्च्यानं काही व्हायचं नाही. त्याचं सीरम प्राऊस्नित्झच्या कातडीत टोचलं, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि तिथं गांध उठली. आयजीईचा शोध लागायला अजून पंचेचाळीस वर्षं होती. तरी शिजवलेलं आणि कच्चं यातला फरक त्यांनी नोंदवून ठेवला होता, कारण तो रुग्ण सांगत होता आणि ऐकणारा लक्ष देत होता.

शेवरी

मस्त धागा! माझा प्रश्न उलटा आहे. मला बीफ, मटण सगळं चालतं. मासा खाल्ला की घसा खाजतो आणि आता चिकननंही तसंच व्हायला लागलंय. माशाचा आणि कोंबडीचा काय संबंध?

कवडसा

शेवरी, संबंध आहे आणि त्याला फिश-चिकन सिंड्रोम असंच नाव आहे. लक्झेंबर्गमधल्या ॲनेट क्यून आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्यामागची प्रथिनं दाखवून दिली. माशाच्या ॲलर्जीचं मुख्य कारण पार्व्हाल्ब्युमिन हे छोटंसं प्रथिन, ते कितीही शिजवा, टिकून राहतं. कोंबडीच्या स्नायूतही त्याचा भाऊबंद असतो. शिवाय एनोलेज आणि आल्डोलेज ही दोन एन्झाइम्स दोन्हीकडे असतात. कोंबडीतल्या या तिघांची अधिकृत नावं 'गॅल डी ८', 'गॅल डी ९' आणि 'गॅल डी १०'.

नावांबद्दल थोडं अवांतर : जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न समिती ही नावं देते. प्राण्याच्या लॅटिन नावातली पहिली अक्षरं आणि मग नोंदणीचा क्रम. गॅलस डोमेस्टिकस, म्हणून गॅल डी. रिपोर्टवर असं काही दिसलं तर घाबरू नका, तो फक्त रेणूचा पत्ता आहे.

कोंबडीच्या ॲलर्जीचे आणखी दोन प्रकार आहेत. पिसांच्या, पाळीव पक्ष्यांच्या संपर्कातून कोंबडीच्या अल्ब्युमिनची ॲलर्जी होते, 'गॅल डी ५', तेव्हा अंड्याचा पिवळा बलकही बाधतो. आणि मासे, पक्षी कशाचाही संबंध नसताना थेट मांसाचीच ॲलर्जी झाली तर बहुधा मायोसिनची एक हलकी साखळी कारण असते, 'गॅल डी ७'. तिचा तपशील २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून डॉक्टरांना तिन्ही गोष्टी सांगा : मासा बाधतो, अंड्याचा बलक कसा चालतो, घरात पक्षी किंवा पिसांची उशी आहे का. दरम्यान घसा खाजतोय तर चिकन थांबवा.

रानवाट

अडीच महिन्यांनी परत येतोय. ताई, अल्फा-गॅलचं आयजीई १४.२ निघालं. डॉक्टर म्हणाले, ०.१ च्या वर गेलं की पॉझिटिव्ह धरतात. मी तो कागद दहा वेळा वाचला. तीन वर्षं लोक मला ताण कमी करा म्हणत होते.

मांस बंद केल्यापासून एकदाच त्रास झाला, सॉसेजमुळे. वर 'चिकन' लिहिलेलं होतं, आवरण डुकराच्या आतड्याचं निघालं. पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्या डॉक्टरांना हे सांगायची गरज आहे का? त्यांचा आणि मटणाचा काय संबंध, असं वाटून विचारायला संकोच वाटतोय.

कवडसा

संकोच बिलकूल नको, आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी नको, आजच सांगा. भूल देणाऱ्या डॉक्टरांना वेगळं सांगा. जिलेटिन गाईच्या किंवा डुकराच्या हाडा-कातड्यापासून होतं. शिरेतून देण्याच्या काही द्रावणांत ते असतं, आणि अल्फा-गॅलच्या रुग्णांना त्यावर गंभीर रिॲक्शन आल्याच्या नोंदी आहेत. कॅप्सूलच्या आवरणातही जिलेटिन असतं. रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून बनतं. हृदयाच्या काही कृत्रिम झडपा डुकराच्या किंवा गाईच्या ऊतींपासून करतात. ही सगळी यादी तुम्हाला बाधेलच असं नाही, बरेच रुग्ण दूध आणि कॅप्सूल दोन्ही सहन करतात. पण पर्याय निवडायला त्यांना वेळ मिळाला पाहिजे.

सॉसेजचं सांगितलंत ते फार बरं झालं. तयार पदार्थांत दुधाचं प्रथिन, सोया, मसाले, दुसऱ्याच प्राण्याचं मांस असं काहीही असू शकतं. 'मांसाची ॲलर्जी' म्हणून आमच्याकडे आलेल्या काही नळ्यांत शेवटी केसीन सापडलं आहे. ज्यानं त्रास झाला त्याचं वेष्टन फेकू नका, फोटो काढून ठेवा.

परत कधी रिॲक्शन आली तर दवाखान्यात ट्रिप्टेजसाठी (रिॲक्शनच्या वेळी पेशींतून रक्तात उतरणारं एन्झाइम) रक्त घ्यायला सांगा, पहिल्या चार तासांच्या आत. गांधी उतरल्यावर दाखवायला काही उरत नाही, ट्रिप्टेजचा आकडा उरतो.

आणि रानात जाताना पँट मोज्यांत खोचा, परत आल्यावर सगळं अंग तपासा. नवीन गोचीड चावली नाही तर अनेकांचं आयजीई हळूहळू उतरतं, काहींना पुढे मांस परत चालायला लागतं. चावली की पुन्हा चढतं.

दवबिंदू

पिंपळपान सर, तुमचा प्रतिसाद छापून नेला होता. नव्या डॉक्टरांनी घटकांची तपासणी केली. केसीनविरुद्ध भरपूर, अल्ब्युमिनविरुद्ध अगदी थोडं. कोंबडी त्याच दिवशी परत सुरू झाली.

काल बीफची खाऊन-बघण्याची चाचणी झाली. सकाळी आठ ते दुपारी दोन. नीट शिजवून वाटलेलं मांस होतं, पहिला घास मोहरीएवढा. प्रत्येक घासानंतर नर्स शर्ट वर करून पोट बघत होती, मी त्याचे ओठ बघत होते. चौथ्या घासाला त्याच्या गालावर लाल ठिपका आला आणि माझा श्वासच थांबला. डॉक्टरांनी पुसून बघितला, वाटलेल्या मांसाचाच होता. सहावा घास अख्खा चमचा होता. संपल्यावर त्यानं रिकामी वाटी माझ्यापुढे केली.

पिंपळपान

ताई, वाचून फार आनंद झाला. आता आठवड्यातून दोन-तीनदा ते नियमित देत राहा, चाललेली गोष्ट परत बंद पडू देऊ नका. चाचणी पूर्ण शिजलेल्या मांसाची झाली आहे, त्यामुळे बाहेर खाताना अर्धवट शिजलेलं किंवा मधे गुलाबी असलेलं नको. ताप किंवा पोट बिघडलेलं असेल त्या दिवशी वगळा. दुधाच्या पुढच्या तपासणीच्या वेळी अल्ब्युमिनचा आकडाही परत काढायला सांगा.